साखरेची नावे

राहात्याकडे माझी एक आत्या राहते. वय सत्तरीच्या पुढे, पण अजून सकाळी शेतावर एक चक्कर मारल्याशिवाय तिला जेवण जात नाही. गेल्या संक्रांतीला तिला भेटायला गेलो, तेव्हा घरात थोडे काळजीचे वातावरण होते. दिवाळीच्या सुमारास तिचे रक्त तपासले होते, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले होते की, आजपासून साखर बंद. आत्याने ते वाक्य अक्षरशः पाळले होते. सकाळी चहा झाला. माझ्या कपात साखर, तिच्या कपात गुळाचा चांगला लिंबाएवढा खडा. न्याहारीला भाकरीबरोबर वाटीभर काकवी. दुपारी देवळातून परत आली ती खडीसाखरेचा प्रसाद तोंडात घोळवीत.

मी म्हणालो, "अगं आत्या, डॉक्टरांनी बंद केलंय ना?"

ती म्हणाली, "साखर बंद केलीय. दिवाळीपासून साखरेला हात बी लावला नाही मी. ह्यो तर गूळ हाय, घरचा."

आता यात आत्याचे काय चुकले? आपल्या बोलण्यात साखर म्हणजे पांढरी, दाणेदार, दुकानातून येते ती. गूळ निराळा, काकवी निराळी, आणि खडीसाखर तर देवाघरची. डॉक्टरांच्या मनातल्या शब्दात मात्र ही सगळी मंडळी येत होती. शब्द दोघांचा एकच, पण त्याची मापे दोघांची वेगळी. परतताना एस्.टी.त बसल्या बसल्या माझ्या मनात आले की, साखर ही एक वस्तू, तिला जगात नावे तरी किती असतील? कुठे ती इतकी सारखी आणि कुठे इतकी निराळी का? त्या नावांच्या मागे लागलो आणि फिरत फिरत शेवटी पुन्हा आत्याच्या चहापाशीच येऊन पोचलो. तीच हकीकत आज आपणांस सांगणार आहे.

हा विषय आपल्या जिल्ह्यात बसून बोलण्यासारखा आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, त्याआधी अहमदनगर होते, आणि एस्.टी.च्या कंडक्टरला आपण सांगतो ते नुसते 'नगर'. एका गावाची तीन नावे आपण बिनघोर वापरतो, मग साखरेच्या नावांनी का बिचकायचे? प्रवरेवरचे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पाटाचे पाणी खाली उतरले तसा कोरड्या माळावर ऊस उभा राहिला. हरेगावला खाजगी कंपनीच्या कारखान्याचे धुराडे उभे राहिले. पुढे १९५०-५१ च्या हंगामात लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने आणि धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाने शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना सुरू झाला. तेव्हापासून आपल्या जिल्ह्याचे आणि साखरेचे नाव लोक एका दमात घेतात.

ज्या मुलखात ऊस पिकतो तिथे त्याच्या शब्दांनाही तोटा नसतो. लावणीसाठी ठेवतात ते बेणे. पावसाळ्यात लावून दीडएक वर्षाने तोडतात तो आडसाली. तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटतो तो खोडवा. वरचे हिरवे शेंडे म्हणजे वाढे, ते जनावरांना. वाळलेला पाला ते पाचट, आणि रस काढून उरते ते चिपाड. गुऱ्हाळात गेलात तर काहिलीत रस उकळत असतो. तो दाट झाला की काकवी, आणखी आटला की गूळ, आणि तो साच्यात घातला की ढेप. कारखान्यात गेलात तर एका बाजूला साखरेची पोती आणि दुसऱ्या बाजूला काळी, चिकट मळी. जिथे हाताला काम पडते तिथे जिभेला शब्द लागतो.

पण एक गंमत पाहा. एवढे शब्द असूनही काकवी, गूळ, साखर, खडीसाखर या सगळ्यांना मिळून एकच असा घरगुती शब्द आपल्याजवळ नाही. 'गोड' म्हणावे तर त्यात फणसाचा गराही येतो. आत्याचा घोटाळा झाला तो ह्या रिकाम्या जागेत.

पूर्वी असा शब्द होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सरकारी कोठारात ठेवायच्या मालाची वर्गवारी दिली आहे. तीत फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा अशी पाच नावे ओळीने येतात, आणि या सगळ्यांना मिळून 'क्षारवर्ग' असे नाव दिलेले आहे. आज क्षार म्हटले की आपल्याला खारट पाणी आठवते. कोठारवाल्याचा तो शब्द त्या अर्थाने आपल्याकडे राहिला नाही. पण ती पाच नावे मोठी बोलकी आहेत. फाणित म्हणजे आपल्या काकवीसारखा दाट पाक. गुड म्हणजे गोळा, तोच आपला गूळ. मत्स्यण्डिका म्हणजे माशाच्या अंड्यांसारखी रवाळ. खण्ड म्हणजे तुकडा. आणि शर्करा म्हणजे मुळात बारीक खडे, वाळूचे कण. मुतखड्याच्या बारीक कणांनाही आयुर्वेदात शर्कराच म्हटलेले आहे. म्हणजे चवीवरून नाव एकाही प्रकाराला पडलेले नाही. रस आटवणाऱ्याने काहिलीत वाकून पाहिले, आणि गोळा दिसला त्याला गोळा, तुकडा दिसला त्याला तुकडा, कण दिसले त्याला कण म्हटले.

यातले तीन शब्द पुढे जगाच्या प्रवासाला निघाले. आधी पश्चिमेची वाट पाहू.

इसवी सनापूर्वी ३२५ च्या सुमारास शिकंदराबरोबर ग्रीक लोक सिंधूच्या खोऱ्यात आले. त्याचा एक सरदार निआर्कस याने लिहून ठेवले की, या देशात असे बोरू आहेत की ज्यांच्यापासून मधमाश्यांवाचून मध होतो. ग्रीकांना मध ठाऊक होता, ऊस ठाऊक नव्हता. नवी वस्तू समोर आली की माणूस आधी जुन्या शब्दांनी काम भागवून पाहतो. पण जुन्या शब्दांनी बाजारात फार दिवस भागत नाही. माल येऊ लागला की मालाबरोबर नावही येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस ह्याच्या लेखनात 'साक्खारोन' हे नाव सापडते. मिठासारखा घट्ट आणि दाताखाली कुरकुरणारा मध, असे तो त्याचे वर्णन करतो. हा साक्खारोन म्हणजे आपली शर्कराच, पण संस्कृत पोथीतली नव्हे. बंदरावरचे व्यापारी व्याकरण शिकून बोलत नसत. त्यांच्या तोंडी प्राकृतातली 'सक्कर', 'सक्खर' अशी रूपे होती. आपली साखर त्याच घरची.

इराणात तिचे 'शकर' झाले, अरबांच्या तोंडी 'सुक्कर'. अरबांनी नुसता शब्द नेला नाही. त्यांनी उसाची लागवड आणि साखर करण्याची विद्या मिसर, सिसिली, स्पेनपर्यंत नेली. आणि तिथे शब्दाला एक गमतीचा फाटा फुटला. अरबीत नामाच्या आधी 'अल्' जोडतात आणि 'स'पुढे त्याचा उच्चार 'अस्' होतो, म्हणून 'अस्-सुक्कर'. स्पेन आणि पोर्तुगालच्या लोकांनी तो जोडशब्दच अखंड उचलला. म्हणून स्पॅनिशमध्ये साखरेला 'आसुकार' आणि पोर्तुगीजमध्ये 'असूकार' म्हणतात. इटालियनांनी मात्र शेपूट सोडून धड घेतले, ते 'त्सुक्केरो'. पुढे फ्रेंच 'स्यूक्र', जर्मन 'त्सुकर', इंग्रजी 'शुगर', पोलंडचे 'त्सुकेर', फिनलंडचे 'सोकेरी', हे सारे त्या बिनशेपटीच्या घराण्यातले. त्यामुळे एखाद्या दूरच्या भाषेतला शब्द नुसता ऐकून तिथे साखर कुणाच्या हातून पोचली याचा माग काढता येतो. फिलिपाइन बेटांत साखरेला 'आसुकाल' म्हणतात. आरंभीचा 'आ' ऐकला की ओळखावे, इथे स्पॅनिश गलबते आली होती. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत 'सुकारी' म्हणतात. तिथे 'आ' नाही, तिथे अरब व्यापारी आपली वाट सरळ धरून गेले.

आणि रशियन भाषेतला शब्द तर ऐकून घ्या: 'साखर'! ग्रीकांकडून तो तिकडे गेला आणि फिरून जवळजवळ आपल्याच उच्चाराला येऊन टेकला. मॉस्कोच्या दुकानात जाऊन तुम्ही अगदी नगरी थाटात साखर मागितलीत, तरी दुकानदार योग्य तोच पुडा काढून देईल.

दुसरा प्रवासी शब्द खण्ड. इराणात आणि अरबस्तानात त्याचा 'कंद' झाला, आणि युरोपात पोचून त्याची इंग्रजी 'कँडी' झाली. शाळेजवळच्या दुकानात पोरे कँडी मागतात तेव्हा ती आपल्या पणजोबांचीच खांड मागत असतात.

तिसरा शब्द गुड. हा मात्र पश्चिमेला न जाता पूर्वेच्या समुद्रात उतरला. मलाया, जावा, सुमात्राच्या बाजूला साखरेला 'गुला' म्हणतात. इंडोनेशियात चहाच्या टपरीवर पांढरी साखर घालायची असली तरी शब्द गुलाच. तो आपल्या गुळाचाच नातलग. एकाच घरातून दोघे भाऊ निघावेत आणि एकाने पश्चिमेला, दुसऱ्याने पूर्वेला संसार थाटावा, तसे हे झाले.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. वनस्पतीचे नाव एका वाटेने जाते आणि तिच्यापासून केलेल्या मालाचे दुसऱ्या वाटेने. उसाचे आद्य माहेर न्यू गिनी बेट, असे शास्त्रज्ञ मानतात. तिथून तो होड्यांतून बेटाबेटांवर पसरला, आणि त्याच्याबरोबर त्याचे नावही. मलय भाषेत ऊस म्हणजे 'तेबू', फिलिपाइनमध्ये 'तुबो', दूर हवाई बेटांत 'को'. उच्चार झिजले, पण मूळ एकच. म्हणजे फिलिपाइनचा शेतकरी शेतात उभा असतो तेव्हा त्याच्या तोंडी पूर्वजांच्या होडीतला शब्द, आणि घरात चहा ढवळतो तेव्हा स्पॅनिश गलबतातला. आपल्याकडे ऊस आणि हिंदीतला ईख हे दोघेही संस्कृत 'इक्षु'चे वंशज. एकाचा उच्चार इकडे वळला, दुसऱ्याचा तिकडे, इतकेच.

पण सगळ्या जगाने आपले शब्द घेतले असे समजून फुगून जायचे कारण नाही. ज्यांच्याजवळ स्वतःची गोडी होती त्यांनी स्वतःचा शब्द राखला. थायलंडात साखरेला 'नाम तान' म्हणतात. नाम म्हणजे पाणी, तान म्हणजे ताड. ताडाच्या रसापासून गूळ करण्याची तिथली चाल जुनी, म्हणून उसाची साखर आली तरी तीही 'ताडाचे पाणी'च झाली. चीनमध्ये गोडाला 'थांग' हा जुना शब्द होता. तिकडे भारतातली साखर गेली तेव्हा त्यांनी तिला 'दगडी मध' अशा अर्थाचे नाव दिले. ग्रीकांनाही मध आठवला होता आणि चिन्यांनाही मधच आठवला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सातव्या शतकात थांग घराण्याच्या ताइत्सुंग बादशहाने साखर करण्याची रीत शिकून घेण्यासाठी मगधाला माणसे धाडली होती, अशी चिनी इतिहासात नोंद आहे. चिनी आणि जपानी भाषांत साखरेला जे नाव रूढ झाले त्याचा अर्थ 'वाळूसारखी गोडी' असा होतो, आणि कोरियात 'बर्फासारखी गोडी' असा. वाळू! आपल्या शर्करेचाही अर्थ तोच. दोन देशांतल्या माणसांनी काहिलीत वाकून पाहिले आणि दोघांनाही वाळूच दिसली.

चीनने ही विद्या घेतली, सुधारली, आणि साखर अधिक पांढरी करून दाखवली. म्हणून उत्तर हिंदुस्थानात साखरेला 'चीनी' असे नाव पडले, आणि खडीसाखरेला मिसर देशावरून 'मिस्री'. चिनी विद्वान जी श्यान्लिन यांनी साखरेचा मोठा इतिहास लिहिला आणि त्यात ह्या देवघेवीवर भर दिला. २००८ साली त्यांना आपल्या सरकारने पद्मभूषण दिले. एकाच वस्तूच्या नावात एक देश दुसऱ्याचे ऋण कसे मान्य करतो, हे त्यातून कळते. शर्करा शब्द ज्या भूमीतला, त्याच भूमीतले लोक चहात 'चीनी' घालतात.

आता आपल्या देशातच थोडे फिरू, कारण खरी फसगत घराजवळच होते. परक्या भाषेतला अनोळखी शब्द ऐकला की माणूस सावध होतो, पण ओळखीचा शब्द ऐकला की निर्धास्त राहतो. गुजरातेत जाऊन 'साकर' मागा, बहुधा खडीसाखर हातावर येईल. पांढऱ्या साखरेला तिथे 'खांड' म्हणतात. पंजाबात 'शक्कर' म्हणजे गुळाची पूड. कानडी 'सक्करे' म्हणजे आपली साखरच. पण आणखी खाली उतरलात तर मल्याळम भाषेत 'शर्करा' म्हणजे चक्क गूळ, आणि पांढऱ्या साखरेला 'पंचसारा'. तामीळ देशात पोंगल सणाचा 'शर्करै पोंगल' हा गोड भात गुळाचाच करतात, आणि पांढऱ्या साखरेला 'सीनी' हाही शब्द आहे, म्हणजे पुन्हा चीनच. मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज उतरले तेव्हा त्यांनी गुळाचे हे शर्करा नाव उचलले. त्याचा अपभ्रंश होत होत इंग्रजीत गुळाला 'जॅगरी' म्हणू लागले. म्हणजे इंग्रजीतले शुगर आणि जॅगरी हे दोन्ही शब्द एकाच शर्करेची लेकरे. एक अरबस्तानातून गेले, दुसरे केरळातून. त्यांना स्वतःला हे नाते ठाऊक नसते.

गेलेले शब्द परतही येतात, आणि येताना वेष पालटून येतात. दिवाळीत आपण शंकरपाळे करतो. त्यांचा शंकराशी काही संबंध नाही. फारसीतला 'शकरपारा', म्हणजे साखरेचा तुकडा, आपल्या आयाबायांच्या तोंडी शंकरपाळे झाला. शर्करा इराणला गेली, आणि फारसी वेषात आपल्या फराळाच्या ताटात येऊन बसली. गुलकंदातला 'गुल' म्हणजे फारसीतला गुलाब, आणि 'कंद' म्हणजे आपलीच खांड. कलाकंदातही तीच.

सगळेच परतणे असे गोड नव्हते. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात एक नवी साखर येऊ लागली. तिला म्हणत 'मोरस'. मोरस म्हणजे मॉरिशस बेटाची. ज्या देशाने जगाला साखरेचे नाव दिले, त्याच देशात साखर परमुलखाच्या नावाने विकली जाऊ लागली. पुढे जावाची साखर आली. ज्यांनी आपला गूळ 'गुला' म्हणून घेतला होता, तेथूनच ही पोती येत. १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळीत लोकांनी परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरही टाकली, आणि १९३२ साली संरक्षक जकातीचा कायदा झाला तेव्हा कुठे देशी कारखाने भराभर उभे राहिले.

पण ती मोरस साखर पिकवीत कोण होते? १८३४ सालापासून कराराने बांधलेले हिंदी मजूर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत जाऊ लागले. त्यांत आपल्या कोकणातली मराठी माणसेही होती. इंग्रजी 'ॲग्रिमेंट' शब्दाचे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले, आणि माणसांचे नाव पडले गिरमिटिये, म्हणजे कागदावरून माणसाचे नाव. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशचतुर्थी करतात. पण रोजच्या बोलण्यातल्या क्रिओल भाषेत ते साखरेला 'दिसिक' म्हणतात. फ्रेंच मळेवाल्यांच्या 'द्यू स्यूक्र', म्हणजे थोडी साखर, या दोन शब्दांचा तो एक शब्द झालेला आहे. इथला मराठी माणूस साखरेला त्यांच्या बेटाचे नाव देत होता, आणि त्या बेटावरचा मराठी माणूस तिला फ्रेंच मालकाच्या बोलीतले नाव देत होता. साखर या शब्दापासून दोघेही लांब गेले होते, दोन उलट्या दिशांनी.

गिरमिटियांची गोष्ट जुनी झाली, परक्या बेटावरची झाली, असे म्हणून सुटता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातली माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. आणि एक कोयता म्हणजे काय? नवरा आणि बायको, दोघे मिळून एक कोयता. माणूस एकटा असेल तर तो अर्धा कोयता. हत्यारावरून माणसाचे नाव पडले, आणि एका नावात दोन माणसे बसवली गेली. पहाटे उठून ऊस तोडणारी, मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी बाई त्या हिशेबात निराळी दिसत नाही, आणि उचल बहुधा नवऱ्याच्याच हाती पडते. मघाशी आपण पाहिले की एका शब्दात किती माल मावतो याचा प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो. इथे मालाच्या जागी माणसे आहेत. शब्द एक म्हणून माणूसही एकच मोजला जातो, तेव्हा थांबून विचारले पाहिजे की, या शब्दाच्या आत किती जण आहेत?

आता शेवटचा परतीचा प्रवासी. शर्करा युरोपात गेली, 'शुगर' झाली, शास्त्रज्ञांच्या हाती पडली. लिनिअस या शास्त्रज्ञाने १७५३ साली उसाला शास्त्रीय नाव दिले ते 'सॅकरम', म्हणजे शर्कराच. १७४७ साली जर्मनीत मार्गग्राफने बीटाच्या कंदातून तसलीच साखर काढून दाखवली. वनस्पती बदलली, पण मालाचे नाव बदलले नाही. १८७९ साली 'सॅकरीन' सापडले. ते नावाने शर्करा, चवीने गोड, आणि प्रत्यक्षात साखर मुळीच नव्हे. असा हा शब्द प्रयोगशाळा आणि दवाखाने हिंडून आपल्या खेड्यात परत आला आहे. आज गावोगाव ऐकू येते, "त्यांना शुगर आहे", "शुगर वाढली". चहात घालतो ती साखर, आणि रक्तात वाढते ती शुगर! शब्द एकाच आईचे, पण आपण एक स्वयंपाकघरात ठेवला आणि दुसरा दवाखान्यात. म्हणून पुष्कळांना वाटते की, शुगर हा आजार आहे आणि तो पांढऱ्या साखरेपुरताच आहे. गुळाला, काकवीला, खडीसाखरेला त्यात कुणी धरीत नाही. पण गुळातला मोठा भाग त्याच शर्करेचा असतो, आणि खडीसाखर तर साखरच, फक्त खडा मोठा. रक्ताला मराठी कळत नाही. नाव कोणते घेतले हे न पाहता ते पोटात गेले काय एवढेच पाहते.

डॉक्टरांनी सांगितले ते बरोबर होते, आत्याने ऐकले तेही बरोबर होते. मध्ये एका शब्दाचे भाषांतर करायचे राहून गेले होते, मराठीचे मराठीत.

तिळगूळ द्यायचा रिवाज रथसप्तमीपर्यंत असतो, म्हणून मी तेवढ्या अवधीत पुन्हा राहात्याला गेलो. या खेपेस मी साखर हा शब्दच काढला नाही. ग्रीक, अरबी काही सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "आत्या, उसाचं जे जे म्हणून हाय, ते सगळं बंद. रस बंद, काकवी बंद, गूळ बंद, साखर बंद, अन् देवाची खडीसाखर बी बंद. बाकीचं पथ्य डॉक्टर सांगतील तसं."

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "उसाचं म्हणायचं व्हतं व्हय! मग आधी तसं सांगायचं. ऊस काय मला कळत नाही?"

सगळ्यांना मिळून एक शब्द आपल्याजवळ नाही, असे मी मघाशी म्हणालो. तो होता. तिच्या शेतात उभा होता, मला दिसला नव्हता.

निघताना तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि स्वतःसाठी डब्यातले नुसते भाजलेले तीळ चिमूटभर घेतले. म्हणाली, "गोड तेवढं बोलायचं, खायचं नाही."